अंधाऱ्यात तोडायचं झाड

लोअर हट
रविवार, ३ फेब्रुवारी २००८
सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होतो. हात धुऊन लिहायला बसलो.

दादा,

फोनवर मी अडखळतो आणि तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहितो आहे. ईमेल करत नाही, कारण तुझा ईमेल ऑफिसचा आहे आणि हे सगळं घरातलं आहे.

"आई बरी आहे" असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं. मी अजून कच्चं लिहून मग पक्कं उतरवतो. तू माझे निबंध लाल पेनने तपासायचास तेव्हाची सवय आहे.

आई जेवत नाही. सकाळी चहा आणि अर्धं बिस्कीट घेते, तेही दहापर्यंत पोटात राहिलं तर राहतं. मी पेज करतो, मऊ भात करतो, मेतकूट लावून बघतो. ती वास घेते आणि वाटी हळूच बाजूला सारते. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणते, "तुझ्या हाताला चव आहे रे नितू, माझीच जीभ परक्याची झालीय."

तू म्हणालास की मी तिला ऑकलंडच्या तुझ्या घरून पळवून आणलं. त्यावर मी भांडणार नाही. दुसऱ्यांदा केमो घ्यायची नाही हे तिने तुला सांगितलं होतं, मला सांगितलं होतं, डॉक्टरांना मोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं. तू कामासाठी ऑस्ट्रेलियाला गेलास आणि तिने मला फोन केला. मी आलो तेव्हा तिची बॅग भरून दाराशी होती. निघताना वहिनींनी तिच्या हातावर दही घातलं. हे त्यांनी तुला सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळलं असं म्हणू नकोस.

इथले डॉक्टर तारीख सांगत नाहीत. "हिवाळ्यापर्यंत" एवढंच म्हणाले. इथला हिवाळा म्हणजे जून, हे मला लॉंड्रीत कामावर परत आल्यावर, चादरींच्या घड्या करताना लक्षात आलं.

माझं मागणं एकच आहे. ती टेबलाशी बसून पोटभर जेवेल असा एक तरी दिवस यावा आणि त्या दिवशी तू इथे असावंस. बाकी तुझा राग तू ठेव.

यंदा दिनदर्शिका आली नाही. दर डिसेंबरात तू मंडळातून दोन घ्यायचास, संकष्ट्यांना लाल गोल करायचास, एक तुमच्या घरी आणि एक मला पोस्टाने. स्वयंपाकघरातला खिळा रिकामा दिसायला लागला म्हणून मी औषधांच्या दुकानातून फुकट मिळालेलं कॅलेंडर लावलं. त्यावर बाराही महिने मेंढ्या आहेत. आई म्हणाली, "आता तिथी काय मेंढ्यांना विचारू?"

मागच्या अंगणात टोमॅटो चांगले आले आहेत. त्यांच्या मागे शेजारच्या रॉनने आणखी दोन कुंड्या ठेवल्या आहेत. त्यांच्याबद्दल नंतर लिहीन.

तुझा,
नितीश


लोअर हट
रविवार, २ मार्च २००८

दादा,

वहिनींचा मेसेज आला, "पत्र पोचलं." कोणी वाचलं ते त्यात नव्हतं. तू वाचलंस असं धरून लिहितो.

मागच्या पत्रात दोन कुंड्यांचं अर्धवट लिहिलं आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही. ती गांजाची झाडं आहेत.

तू आत्ता पत्र टेबलावर आपटलं असशील. उचल आणि पुढचं वाच.

रॉन आपल्या शेजारी एकटा राहतो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं फिटर होता. त्याची बायको याच आजाराने गेली. शेवटच्या वर्षी तिच्या पोटात अन्न ठरावं म्हणून त्याने पहिल्यांदा हे झाड लावलं. तो स्वतः ओढत नाही, त्याला दम्याचा त्रास आहे. आईला कुंपणापाशी ओकताना त्याने दोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी कुंड्या घेऊन आला, "कीया ओरा, सन," असा इथला रामराम केला आणि म्हणाला, "ममसाठी आहे. एप्रिलपर्यंत होतील. कोणाला सांगू नकोस, आणि मला पैसे विचारू नकोस."

मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो. माझं रेसिडन्सीचं अजून व्हायचं आहे, तुला माहीत आहे. पोलीस आले तर मी परत, आणि मी परत गेलो तर आई कुठे? मी हे सगळं मराठीत आईला समजावून सांगत होतो आणि ती उन्हात खुर्ची टाकून त्या रोपांकडे बघत होती.

"हे आमच्या देवरूखला मठाच्या मागे असायचं," ती म्हणाली. "बैरागी यायचे ते ओढत बसायचे. आमचे अण्णा म्हणायचे, त्यांना भूक बघा कशी लागते, पातेलं पुसून खातात."

"आई, हे बेकायदा आहे."

"तुला काय वाटतं, मला न्यायला कोण आधी येईल? पोलीस?"

रॉनला मराठी येत नाही, पण तो हसला. मग कुंड्या राहिल्या.

आता खरी अडचण सांगतो. झाड वाढवणं सोपं आहे, तोडायची वेळ ओळखणं कठीण आहे. लवकर तोडलं तर त्यात काही नसतं, नुसता पाला. उशिरा तोडलं तर, रॉनच्या भाषेत, ते माणसाला झोपवतं आणि भूक तशीच राहते. तुऱ्यांना मक्याच्या कणसासारखे पांढरे केस येतात, ते हळूहळू तांबूस होतात. पण नुसत्या केसांवर जायचं नाही. जवळून बघितलं तर तुऱ्यावर दवासारखे बारीक थेंब असतात, देठावर टाचणीचं डोकं असावं तसे. रॉनने मला पोस्टाची तिकिटं बघायचं त्याचं भिंग दिलं. तो म्हणतो, "काचेसारखे दिसले तर थांब. दुधासारखे झाले तर कात्री काढ. चहासारखे झाले तर उशीर."

मी कामावरून आल्यावर रोज बघतो. एक दिवस दूध वाटतं, दुसऱ्या दिवशी काच. ढग असले की वेगळं, ऊन असलं की वेगळं. मी रॉनला इतक्या वेळा हाक मारली की तो म्हणाला, "सन, ते काही बॉम्ब नाही."

आईला मी भिंग दाखवलं. तिने तूप निवलं की नाही बघावं तसं बघितलं आणि म्हणाली, "अजून एकतारीसुद्धा नाही. पाक कच्चा आहे." मग मला सांगितलं की लाडवाचा पाक घड्याळावर होत नाही आणि बघत बसल्यानेही होत नाही. "पण बघायचं सोडलं की करपतो," असंही म्हणाली. आता यातलं नेमकं काय करायचं?

त्या दिवशी तिने अर्धा तास बाहेर खुर्चीत काढला. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

सुनीता सिस्टर आठवड्यातून दोनदा येतात. मूळ नागपूरच्या आहेत. परवा आईचा बीपी घेता घेता खिडकीबाहेर पाहून म्हणाल्या, "तुमच्या टोमॅटोले वास लई येऊन राह्यला बाई." मी हातातला कप खाली ठेवला. आई शांतपणे म्हणाली, "जात वेगळी आहे." सिस्टर म्हणाल्या, "असंल. मले काही समजत नाही टोमॅटोतलं," आणि वहीत फक्त वजन लिहिलं. एकेचाळीस किलो.

तू ये. ते वजन मी फोनवर सांगू शकलो नसतो.

नितीश


लोअर हट
सोमवार, ३१ मार्च २००८

दादा,

मधले काही दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. आईच्या शरीरातलं पाणी कमी झालं होतं. वहिनींना मेसेज केला होता. खोलीच्या खिडकीतून फक्त गाड्यांचं पार्किंग दिसायचं आणि आई म्हणायची, "या गावाला आकाश नाही का?" आता घरी आली आहे.

आल्या आल्या झाड बघायला खुर्ची बाहेर न्यायला लावली. दूध झालं आहे, दादा. यावेळी मला शंका नाही. रॉननेही भिंग लावून बघितलं, तुरा बोटांत धरून हुंगला आणि म्हणाला, "स्वीट ॲज, एकदम झकास. उद्या-परवा कापू. शुक्रवारी दक्षिणेचा वारा येतोय, त्याच्या आत."

मी आईला हे मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "चंद्र कुठे आहे?"

मला कळेना. तिने समजावलं. देवरूखला अण्णा बांबू तोडायचे ते अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यातला बांबू तोडला तर रस वर चढलेला असतो, कीड लागते, घरात आणल्यावर भुगा पडतो. चंद्र उतरायला लागला की रस मुळात जातो. मग तोडलेलं टिकतं. "जे टिकवायचं ते अंधाऱ्यात तोडायचं," ती म्हणाली. "कॅलेंडर नाही म्हणून काय झालं, चंद्र तर आहे ना तुमच्याकडे?"

आज लॉंड्रीला जाताना मी चंद्र बघितला होता. वर, जवळजवळ डोक्यावर, अर्धा. घरी आल्यावर मी तिला नीट सांगितलं की उजवी बाजू उजळलेली आहे, डावी काळी. तू मला लहानपणी शिकवलं होतंस, उजवी उजळलेली म्हणजे शुक्ल पक्ष, वाढता चंद्र. मी तुझं नाव घेऊन सांगितलं.

"मग अष्टमी झाली असेल," आई म्हणाली. "आठवड्याने पौर्णिमा. ती होऊ दे. चंद्र उतरायला लागला की तोड."

रॉनला हे सांगताना मला घाम फुटला. मून, बांबू, ग्रँडफादर, असं काहीतरी बोललो. त्याने टोपी मागे सरकवली आणि विचारलं, "आणि पाऊस? पावसाला ग्रँडफादर काय म्हणतात?" मग खिडकीतून आईकडे बघितलं. ती उशांना टेकून बसली होती, मान ताठ, जशी पूर्वी भाजीवाल्याशी घासाघीस करताना बसायची. रॉनने टोपी पुन्हा पुढे ओढली. "झाड तिचं आहे," तो म्हणाला. "ती म्हणेल तसं."

मला माहीत आहे तू काय म्हणशील. लायब्ररीत जाऊन कॉम्प्युटरवर तिथी बघता आली असती. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या चंद्राची खात्री कोण करतं? आणि खरं सांगू का, दुसरं कारणही आहे. कित्येक महिन्यांत तिने "नको" याशिवाय काही सांगितलं नव्हतं. हे नको, ते नको, सुई नको, वाटी ने. आज पहिल्यांदा ती म्हणाली, असं कर.

मला ते मोडवलं नाही.

नितीश


लोअर हट
शुक्रवार, ११ एप्रिल २००८

दादा,

दिनदर्शिका मिळाली. काल दुपारी. पुठ्ठ्याच्या नळीवर पत्ता तुझ्या सिद्धीच्या बालबोध अक्षरात आहे, पण आतले लाल गोल तुझेच आहेत. तू गोल पूर्ण करत नाहीस, शेवटी थोडी फट राहते. आईने फट बघितली आणि लगेच म्हणाली, "देवूने केलेत."

आता जे झालं ते क्रमाने सांगतो.

वारा शुक्रवारी आला तो बुधवारपर्यंत गेला नाही. घराचं पत्र्याचं छप्पर रात्रंदिवस वाजत होतं. मी झाडांवर प्लास्टिक बांधलं, ते उडालं, पुन्हा बांधलं. रॉनने त्याच्या गॅरेजमधून ताडपत्री आणली. आकाश एकदाही उघडलं नाही. मी दिवस मोजत होतो, आता पौर्णिमा असेल, आता चंद्र उतरायला लागला असेल, शनिवारी तोडू.

बुधवारी संध्याकाळी पाऊस थांबला. मी बाहेर आलो. पश्चिमेला ढग फाटले होते आणि तिथे चंद्र होता. नखाएवढी कोर.

मी तिथेच उभा राहिलो. पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेला चंद्र कोरीएवढा कसा असेल? मला वाटलं ग्रहण आहे. मग मी भिंग घेऊन झाडाकडे गेलो, कारण काहीतरी हातात घ्यायला हवं होतं. सगळ्यात मोठा तुरा, मधला, माझ्या मनगटाएवढा जाड झालेला. तो बोटाने जरा उघडला आणि आतून राखाडी धूर निघाल्यासारखी बुरशी उडाली.

रॉन आला. कात्री घेऊन तो एकेक फांदी उघडत गेला, खराब झालेलं बादलीत आणि चांगलं टॉवेलवर. बादली भरली. टॉवेलवर खालच्या बारीक फांद्या तेवढ्या राहिल्या. दुसऱ्या झाडाचं अर्धं वाचलं. मी म्हणालो, माझी चूक आहे, तू तेव्हाच म्हणाला होतास. तो म्हणाला, "ती म्हणाली होती ना थांब? मग तू थांबलास. तेवढंच."

मी आईला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणालो, होतंय, होतंय. ती रात्र आणि काल सकाळ मी तिच्याशी खोटं बोललो. हे लिहायला मला अवघड जातं आहे.

मग काल तुझी दिनदर्शिका आली. मेंढ्या काढून मी ती खिळ्याला लावली आणि एप्रिलचं पान बघितलं. पाडवा होऊन गेला होता. चैत्र शुद्ध चालू होता. म्हणजे मी अर्धा चंद्र बघितला तेव्हा तो वाढता नव्हता, उतरता होता. तोच अंधारा पंधरवडा होता. रॉन म्हणाला तो दिवस आणि अण्णांचा दिवस एकच होता, दादा. आणि आम्ही तो चंद्र बघून सोडून दिला.

मला राहवलं नाही. खिळ्यावरून दिनदर्शिका काढून मी तिच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. बादलीचंही.

तिने चष्मा लावला, पान जवळ धरलं, तिथ्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तू चंद्र किती वाजता पाहिलास?"

"लॉंड्रीला जाताना. साडेसहाला."

"संध्याकाळी?"

"सकाळी."

"सकाळी!" ती उशीवरून उठून बसली. "अरे गाढवा, सकाळी डोक्यावर दिसणारा अर्धा चंद्र उतरताच असतो! इथे असो नाहीतर देवरूखला! हे मला तेव्हा सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कोणती बाजू..."

"मी विचारलंच नव्हतं! तूच सांगितलंस उजवी म्हणून, आणि वर देवूची साक्ष काढलीस!"

आणि ती हसायला लागली. मी घाबरलो, मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, पोटाला हात लावून, डोळे पुसत. "पाडवा आला नि गेला," ती म्हणाली, "गुढी नाही, श्रीखंड नाही, आणि हा मला चंद्र उलटा सांगतोय." बऱ्याच वेळाने दम लागून आडवी झाली आणि म्हणाली, "चूक माझीही आहे. बांबूचं शास्त्र मी झाडाला लावलं. अण्णांनी हे झाड कधी तोडलं नव्हतं."

डावं उजवं कसं झालं ते रॉनने मला अंगणात उभं करून दाखवलं. इथे आपण उत्तरेकडे तोंड करून चंद्र बघतो, तिकडे दक्षिणेकडे बघायचो, त्यामुळे पूर्व उजव्या हाताला येते आणि चंद्राची बाजू बदलते. मला एवढंच समजलं. आईला नीट समजावून सांगायला तू हवास. तिनेही हेच म्हटलं. शब्द जसेच्या तसे लिहितो: "देवूला लिही, की तुझा भाऊ उलट्या चंद्राखाली राहतो, येऊन सुलटा कर."

वाचलेलं रॉनच्या गॅरेजमध्ये दोरीवर टांगलं आहे. दोन आठवडे लागतील. अँझॅक डे शुक्रवारी, २५ तारखेला आहे, तुला तीन दिवस सुट्टी मिळेल. वाचलेलं किती दिवस पुरेल मला माहीत नाही. पुरेल तेवढ्यात ये.

नितीश


लोअर हट
रविवार, २७ एप्रिल २००८

दादा,

तुझं विमान अजून उतरलं नसेल. स्टेशनवर मी काही बोललो नाही, कारण सिद्धी बघत होती आणि ट्रेनही आली. म्हणून लगेच लिहितो.

तू शुक्रवारी दारात उभा राहिलास तेव्हा तुझ्या हातात वहिनींनी दिलेलं कुळथाच्या पिठाचं पुडकं होतं आणि तू ते आधी माझ्या हातात दिलंस. माझ्याकडे न बघता. तुला वाटलं असेल मी पुडकं ठेवायला आत गेलो. मी आत जाऊन भिंतीला टेकून उभा होतो.

वाळलेले तुरे तुपात कढवून रॉन ती वाटी घेऊन आला तेव्हा तू बाहेर गेलास आणि अंगणातला बंद पडलेला नळ दुरुस्त करत बसलास. मी तुला दोष देत नाही. मलाही त्या वाटीकडे बघवत नव्हतं. त्यात मी दोन महिने बघितलेलं सगळं होतं आणि बादलीत गेलेलं नव्हतं. सिद्धीने नाक धरून म्हटलं, "आज्जी, इट स्मेल्स लाइक रग्बी सॉक्स!" आणि आईने तिला विचारलं, "काय म्हणते ही?" तू बाहेरूनच ओरडून सांगितलंस, "मोज्यांचा वास येतो म्हणते." तुझं घरातलं पहिलं वाक्य ते होतं.

आईने त्यातलं चमचाभर घेतलं. तासभर काही झालं नाही. मी घड्याळ बघत होतो, मग बघायचं सोडलं, मग करपेल म्हणून पुन्हा बघितलं. आणि आई म्हणाली, "कुळथाचं पिठलं कोणी केलं तर मी खाईन."

मला पिठलं गुठळ्या न होता जमत नाही. तू हात धुतलेस, तूच केलंस. तुला अजून येतं हे मला माहीत नव्हतं. ती उठून टेबलाशी आली, खुर्ची कोणी ओढायच्या आत स्वतः ओढली आणि भातात खड्डा करून पिठलं घेतलं. मी घास मोजायला लागलो होतो, मग तुझ्याकडे बघितलं तर तुझे ओठ हलत होते. तूही मोजत होतास. मग मी मोजायचं थांबवलं.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली.

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"कमी आहे," तू म्हणालास.

"भांडा आता," ती म्हणाली. "माझं जेवण झालं."

रात्री तिला काही त्रास झाला नाही. शनिवारी पुन्हा जेवली, थोडं कमी. सिद्धी तिच्या पायाशी बसून संत्रं धरून तिला चंद्र समजावत होती. तू टॉर्च धरला होतास. आईला काही पटलं नाही, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं.

आज सकाळी तू रॉनच्या गॅरेजमध्ये एकटा गेलास. मी बघितलं आणि मागून आलो. तू रिकाम्या दोरीकडे बघत होतास. मला वाटलं आता बोलशील, हे काय चालवलंय. तू विचारलंस, "पाऊस येणार हे तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी तोडलं नाहीस."

"ती थांब म्हणाली होती."

तू दोरीची गाठ चाचपलीस. मग म्हणालास, "मी तोडलं असतं."

त्यावरचं उत्तर आता लिहितो. तू तोडलं असतंस तर औषध दुप्पट झालं असतं, हे खरं आहे. मी बादलीकडे बघितलं तेव्हापासून रोज तुझ्यासारखाच विचार करतो आहे. मी बरोबर होतो असं मला म्हणायचं नाही. तू चूक होतास असंही नाही. तू तिला वाचवायला निघाला होतास. पण ट्रेनमध्ये चढताना तू वळून आईने विचारल्यासारखं मला विचारलंस, "चंद्र आता कसा आहे रे?" मी म्हणालो, उतरता. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "तिला सांग, मी बघितला." ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. एकाला तरी दिसला."

रॉनने तुपाची बरणी बघितली. त्याचा अंदाज, थोडं थोडं दिलं तर जूनच्या सुरुवातीपर्यंत. डॉक्टरही जूनच म्हणाले होते. मी दोन्ही एकत्र धरत नाही.

हिशेब देतो, कारण तू निघताना फ्रिजवर पैसे ठेवून गेलास आणि मला ते नुसते ठेवून घ्यायचे नाहीत.

खर्च: कुंड्यांची माती चोवीस डॉलर. काठ्या, सुतळी, प्लास्टिक एकोणीस. बरणी चार. तूप सहा. दिनदर्शिकेवर तू चिकटवलेली तिकिटं साडेसहाची होती, ती तुझी.

रॉनने काही घेतलं नाही. त्याला आईने चकल्या कबूल केल्या आहेत. भाजणी ती सांगणार, सोऱ्या मी फिरवणार. हे देणं आहे.

तू ठेवलेले दोनशे. त्यातून वरचे त्रेपन्न वजा. उरलेल्यांतून तुझ्या पुढच्या विमानाच्या तिकिटाचे निम्मे, पंचावन्न, मी साखरेच्या डब्यामागे वेगळे ठेवले आहेत. तुझे निम्मे तू घाल. बाकीचे ब्याण्णव परत पाठवतो आहे. वहिनींना कुळथाच्या पिठाचं देणं आहे, किती ते त्यांनी सांगितलं नाही.

तिकिटाची तारीख मी घातलेली नाही. आज तुम्ही गेल्यावर आईने लाल पेन मागितलं आणि मे महिन्याच्या पानावर ३१ तारखेला गोल केला, शनिवार. गोल पूर्ण केला, फट ठेवली नाही. मी म्हणालो, आई, त्या दिवशी संकष्टी नाही.

ती म्हणाली, "क्वीनचा वाढदिवस आहे ना सोमवारी? देवूला सुट्टी असेल."

नितीश